फांदीवरील बुरशी : शोध, ओळख व सावधगिरी

सौंसर व पांढुर्णा परिसरात मृगाचा पाऊस स्थिरावला आणि पुढे आर्द्रा-पुनर्वसूची झड लागली की उन्हाळाभर सरपणासारखी दिसणारी वाळकी फांदी अचानक बोलू लागते. तिच्यावर पांढरे पंखे उमटतात, काळपट कान लोंबतात, कोठे शेंदरी रंगाची पातळ फळी निघते. श्रावणात दर्शनास येणारी मंडळी पिंपळाखाली उभी राहून वर पाहतात आणि दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, हे खाता येते काय? दुसरा, याने झाड मरेल काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका तिसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे, तो म्हणजे ही बुरशी कोणती आणि ती नेमकी कशावर उभी आहे. त्या तिसऱ्या प्रश्नाची माहिती वाचकांना व्हावी, म्हणून प्रस्तुत लेख सादर करीत आहोत.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. फांदीवर जे दिसते ती संपूर्ण बुरशी नव्हे, ते केवळ तिचे फळ होय. बुरशीचा खरा देह म्हणजे लाकडाच्या आत पसरलेले अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे. ते महिनोन्महिने, पुष्कळदा वर्षानुवर्षे लाकूड पचवीत असते, आणि पुरेसा ओलावा मिळाला की बीजाणू वाऱ्यावर सोडण्यासाठी फळ बाहेर काढते. संत्रे तोडल्याने संत्र्याचे झाड नाहीसे होत नाही. तद्वतच फांदीवरील छत्री खरवडून टाकल्याने बुरशी जात नाही. आमच्या परिसरात अनेकजण पाटीने किंवा विळ्याने ही फळे खरडून काढतात व झाड बरे झाले असे समजतात. प्रत्यक्षात त्यांनी आत काय चालले आहे याची खूण तेवढी पुसलेली असते.

आता, फांदीवर जे जे दिसते ते सर्व बुरशीच असते असेही नाही. राखट-हिरवे, कडा कुरळ्या असलेले पापुद्रे सालीला चिकटलेले असतात. ते दगडफूल किंवा त्याचे सगेसोयरे. आपल्याकडील काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडते तेच हे. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र संसार थाटून बनलेला हा जीव सालीवर केवळ बसतो. झाडाचा रस तो घेत नाही. म्हणून दगडफुलाने झाड वाळते ही समजूत चुकीची आहे. वाळत चाललेल्या फांदीची पाने गळतात, तेथे ऊन पोहोचते आणि दगडफूल वाढते, एवढाच त्याचा अर्थ. याउलट आंब्यावर किंवा संत्र्यावर जाड पानांचा हिरवा झुबका दिसला व त्याला नळीसारखी फुले आली तर ते बांडगूळ. ती फुलझाडाच्या जातीची परोपजीवी वनस्पती असून ती मात्र खरोखर रस शोषते. पळस, बोर व कुसुम यांच्या कोवळ्या डहाळ्यांवर तांबूस खडबडीत कवच दिसते ती लाख, म्हणजे किड्यांनी केलेले घर. आणि संत्र्याच्या बुंध्यावर ओघळून घट्ट झालेला तांबूस पदार्थ हा डिंक. ही चार वगळली की मग उरलेल्याकडे बुरशी म्हणून पाहावे.

पाहण्यास कोठे जावे? फार दूर जाण्याची गरज नाही. कन्हान व जाम नद्यांच्या काठची झाडे, शेताच्या कुंपणाचे जुने खांब, लाकडाच्या वखारीबाहेर पडलेले ओंडके, बागेच्या धुऱ्यावर रचलेल्या वाळक्या फांद्या, हीच उत्तम ठिकाणे. सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह यांच्या पडलेल्या फांद्यांवर तर विपुल प्रकार आढळतात. मात्र जंगलात केवळ पाहावे. पेंचसारख्या संरक्षित क्षेत्राच्या हद्दीतून काहीही उचलून आणणे कायद्याने निषिद्ध आहे, हे ध्यानी असू द्यावे. काळ म्हणाल तर तीन-चार दिवस सलग झड लागून मग किंचित उघडीप झाली की मऊ, मांसल प्रकार दिसतात व दोन-चार दिवसांत सडून जातात. लाकडासारखे टणक प्रकार बारमाही असतात, पोळ्यापर्यंत ते वाढतात आणि उन्हाळ्यातही जागच्या जागी राहतात.

सोबत एक लहान भिंग, चाकू, वही आणि कागदी पिशव्या असाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी घामेजते व तासाभरात ओळखू येईनाशी होते. वहीत पहिली नोंद बुरशीची नव्हे, झाडाची करावी. आंबा की कडुनिंब, जिवंत फांदी की मेलेली, मेलेली असल्यास झाडावरच लटकलेली की जमिनीवर पडलेली, जमिनीपासून किती उंच, सावलीत की उन्हात. आमचा अनुभव असा की छायाचित्र घेऊन येणारे बहुतेक लोक वरून घेतलेले छायाचित्र आणतात आणि झाडाचे नाव सांगू शकत नाहीत. अशा छायाचित्रावरून जाणकारही फारसे काही सांगू शकत नाही, कारण ओळख पटते ती खालच्या अंगावरून.

म्हणून दुसरी नोंद खालच्या बाजूची. फळ हलकेच उलटावे किंवा खाली आरसा धरावा. तेथे पुस्तकाच्या पानांसारखी पाती आहेत, सुईने टोचल्यासारखी छिद्रे आहेत, की काहीच नसून गुळगुळीत आहे? या एका पाहणीने अर्धे काम होते. त्यानंतर बोटाने दाबून पाहावे. मऊ, चिवट, रबरासारखे की लाकडासारखे? चाकूने कापल्यावर आतला रंग पांढरा की तपकिरी, आणि हवा लागल्यावर तो बदलतो काय? शेवटी बीजाणूंचा ठसा घ्यावा. ताजे फळ पातीची अथवा छिद्रांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावे, वर वाटी झाकावी व रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी कागदावर पांढरी, तपकिरी किंवा फिकट जांभळट भुकटी पडलेली दिसते. घरातील मुलांना हा प्रयोग फार आवडतो. हात मात्र साबणाने धुवावेत, आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी भुकटीजवळ नाक नेऊ नये.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांच्या ध्यानात येते. फळीसारख्या बुरशीची छिद्रे नेहमी जमिनीकडे तोंड करून असतात, कारण बीजाणू सरळ खाली पडावे लागतात. झाड वा फांदी कोसळली की जुनी फळी आडवी-तिडवी होते आणि नवी वाढ पुन्हा जमिनीला समांतर होते. त्यामुळे पडलेल्या ओंडक्यावरील फळ्या पाहून त्या झाड उभे असतानाच आल्या होत्या की पडल्यावर आल्या, हे सांगता येते. एखाद्या झाडाच्या पडण्याचे कारण शोधताना ही खूण मोलाची ठरते.

आपल्या परिसरात सर्वांत जास्त आढळणारी फांदीवरची बुरशी कोणती, असे विचारल्यास आम्ही निःशंकपणे शायझोफायलम कम्यून हिचे नाव घेऊ. एक ते चार सेंटिमीटरचा पांढरट-राखाडी पंखा, वरून लोकरीसारखा मऊ, देठ जवळजवळ नाहीच. खालून पाहिले असता फिकट गुलाबी-तपकिरी पाती दिसतात आणि भिंगातून पाहिल्यास प्रत्येक पात लांबीच्या दिशेने मधोमध चिरलेली दिसते. ही चिरलेली पात हीच तिची पक्की ओळख. कोरड्या हवेत पातीचे दोन्ही काठ आत वळतात व फळ मिटून घेते. पाऊस पडला की दोन-तीन तासांत पुन्हा उघडते व बीजाणू सोडू लागते. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत ती आढळते. कॅनडात काम केलेले बुरशीशास्त्रज्ञ बुलर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी वाळवून हवाबंद नळीत ठेवलेली फळे सुमारे पन्नास वर्षांनंतर ओली करताच पुन्हा उघडली, ही नोंद प्रसिद्ध आहे. मणिपुरात हीच बुरशी कांगलायेन या नावाने आवडीने खाल्ली जाते. आपल्याकडे मात्र ती खाण्याची रीत नाही, आणि तिचे बीजाणू श्वासावाटे जाऊन दुर्बल प्रकृतीच्या माणसास नाकाच्या पोकळीचा विकार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

या बुरशीचा विशेष उल्लेख करण्याचे कारण सौंसरची संत्री. संत्र्याच्या बागेत वाळलेल्या फांदीवर, म्हणजे आपल्या बोलीत सलीवर, हे पांढरे पंखे हमखास दिसतात. बागायतदार घाबरतो, बुरशीनाशक आणतो आणि पंख्यांवर फवारतो. पंखे गळतात, पैसे खर्च होतात, पुढच्या वर्षी दुसरी फांदी वाळते. यात चूक अशी की शायझोफायलम ही बहुधा फांदी मेल्यानंतर येते. क्वचित उन्हाने भाजलेल्या अथवा अतिशय अशक्त झालेल्या फांदीवरही ती बसते. फांदी कशाने मेली हे वेगळेच असते. पुष्कळदा मूळ कारण जमिनीत दडलेले असते. फायटोफ्थोरा या सूक्ष्म जीवामुळे मुळे कुजतात, बुंध्यावर डिंक्या येतो, आणि शेंड्याकडून फांदी वाळत येते. कधी बहार धरण्यासाठी दिलेला ताण अति होतो, कधी साल खाणारी अळी फांदी पोखरते, कधी पाणी बुंध्याशी साचून राहते. पांढरा पंखा दिसला तर त्याच्याकडे न पाहता बुंध्याकडे व मुळांकडे पाहावे. बुंध्याची साल ओलसर, काळपट होऊन डिंक ओघळत आहे काय? आळ्यात पाणी साचते काय? कलमाचा डोळा मातीत गाडला गेला आहे काय? उत्तर तेथे सापडते.

सल काढण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे व ती योग्यच आहे. फळतोड झाल्यावर वाळलेल्या फांद्या सुमारे दोन सेंटिमीटर जिवंत हिरव्या भागासह छाटाव्यात, कापाच्या जागी बोर्डो मलम लावावा, हत्यार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना निर्जंतुक करावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी हे मलमाचे प्रमाण सर्वमान्य आहे. फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षवेलींसाठी प्रसिद्ध केलेला मोरचूद-चुन्याचा हा मेळ आजही आपल्या बागेत उभा आहे. परंतु काढलेली सल धुऱ्यावर रचून ठेवण्याची आमच्याकडील सवय घातक आहे. ती पावसाळाभर बुरशीचे बीजाणू पिकवीत राहते. सल बागेबाहेर नेऊन जाळून टाकावी अथवा चुलीस लावावी. रोगाचे निदान करून घ्यावयाचे झाल्यास नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्याला जवळ आहे.

इतर प्रकार थोडक्यात सांगतो. शेंदरी रंगाची, पातळ, चिवट फळी, जिची खालची छिद्रेही शेंदरीच असतात, ती पिक्नोपोरस. ती मेलेल्या लाकडावर, तेही भर उन्हात येते. काही ठिकाणी या रंगामुळे लोक तिला हात जोडतात. त्यास आमची हरकत नाही, पण ज्या फांदीवर ती आली ती फांदी मेलेली आहे एवढे समजावे. मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी छिद्रे असलेली तपकिरी पातळ फळी ती हेक्सागोनिया. काळे, कोळशाच्या गोळ्यासारखे टणक अर्धगोल फोडले असता आत कांद्यासारखी एकात एक वर्तुळे दिसली तर ती डाल्डिनिया. ओलसर सावलीतील फांदीवर मानवी कानासारखे, रबरासारखे तपकिरी फळ आले, खाली पाती नाही की छिद्र नाही, वाळल्यावर काळे व कडक, पाण्यात टाकताच पुन्हा मऊ, तर ती ऑरिक्युलेरिया. फांदीच्या सालीवर गुलाबी रंगाचा लेप चढलेला दिसल्यास तो गुलाबी रोग होय. तो अधिक पावसाच्या प्रदेशात आंबा, फणस व लिंबूवर्गीय झाडांना होतो आणि वर सांगितलेल्या प्रकारांप्रमाणे मेलेल्या नव्हे, तर जिवंत फांदीवर हल्ला करतो. तेथे मात्र विलंब न करता फांदी लेपाच्या खालून कापावी.

दोन टणक प्रकारांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिला गॅनोडर्मा. वरची बाजू लाख लावल्यासारखी चकचकीत, तांबूस-तपकिरी, वाढणारी कड पांढरी, खालची छिद्रे पांढरी व नखाने ओरखडताच तपकिरी होणारी, आणि आसपासच्या पानांवर कोकोसारखी भुकटी पसरलेली. सर्वांना सरसकट ल्युसिडम म्हणण्याची प्रथा आहे, पण भारतात या गटाच्या अनेक जाती असून त्या वेगळ्या करणे तज्ज्ञाचे काम आहे. ही बुरशी फांदीपेक्षा बुंध्याशी व मुळांशी अधिक आढळते आणि जिवंत झाडाच्या तळाशी ती दिसणे हे चिंतेचे लक्षण होय. दुसरा फेलिनस, घोड्याच्या खुरासारखा, आतून गंजाच्या रंगाचा, वर्षागणिक थर चढत जाणारा. पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला की त्याचे मांस काळे पडते. कोकणात फणसाच्या खोडावर येणाऱ्या याच गटातील बुरशीला फणसांबा म्हणतात, व लहान मुलांची लाळ गळणे, तोंड येणे यांवर ती उगाळून लावण्याची तिकडे जुनी रूढी आहे. आमच्याकडे ती रूढी नाही आणि कोणत्याही झाडावरचा टणक गोळा आणून फणसांबा म्हणून उगाळणे सर्वथा अनुचित आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. खाता येते काय? सात्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जातात, पलीकडे हिंदी मुलखात पिहरी म्हणतात. परंतु सात्या वारुळाच्या जमिनीतून येतात, फांदीवर नव्हे. त्या ओळखणाऱ्या आजी-मावशींचे ज्ञान त्या एका प्रकारापुरते खरे असते. ते फांदीवरच्या छत्रीला लागू पडत नाही. त्यातच अशी एक समजूत पसरलेली आहे की लाकडावर आलेली अळिंबी विषारी नसते. ही समजूत खोटी आहे. मृत लाकडावर वाढणाऱ्या गॅलेरिना या लहान तपकिरी छत्रीत यकृत निकामी करणारे तेच विष असते जे जगातील सर्वांत घातक समजल्या जाणाऱ्या अमॅनिटा जातींत असते. जपानात सूचिपर्णी झाडांच्या कुजक्या बुंध्यांवर येणारी एक शुभ्र पंखासारखी अळिंबी लोक कित्येक वर्षे निर्धास्तपणे खात असत. २००४ सालच्या शरद ऋतूत तीच खाऊन मेंदूचा विकार होऊन १७ माणसे दगावली. बाधित झालेल्यांपैकी बहुतेकांना आधीपासून मूत्रपिंडाचा आजार होता. म्हणजे शेजाऱ्याने खाल्ली आणि त्याला काही झाले नाही, हाही पुरावा पुरेसा नाही.

चांदीचे नाणे काळे पडणे, सोबत टाकलेल्या लसणाचा वा तांदळाचा रंग बदलणे, किडे-गोगलगायींनी कुरतडलेली असणे, हळद घालून उकळणे, या सर्व परीक्षा निरर्थक आहेत. अमॅनिटाचे विष चांदीला काळे करीत नाही आणि उकळल्याने जात नाही. गोगलगाय ती खुशाल खाते. अत्यंत धोकादायक विषाची खूण अशी की त्रास सहा तासांनंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होतो. उलट्या-जुलाब एक-दोन दिवसांत थांबतात, माणूस सुधारला असे वाटते, आणि मग यकृत बंद पडू लागते. म्हणून बरे वाटले तरी घरी थांबू नये. उरलेली अळिंबी, सालपट अथवा शिजवलेली भाजी, जे हाती लागेल ते सोबत घेऊन रुग्णालय गाठावे, आणि ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सर्वांना न्यावे, त्रास होत असो वा नसो.

ज्यांना लाकडावरच्या अळिंबीची चव हवीच आहे त्यांच्यासाठी धिंगरी उपलब्ध आहे. शिंपल्यासारखी, देठावर उतरणारी पांढरी पाती असलेली ही अळिंबी निसर्गात पडलेल्या ओंडक्यांवर वाढते आणि घरात सोयाबीनच्या कुटारावर वा गव्हांड्यावर सहज पिकविता येते. सोलन येथील अळिंबी संशोधन संचालनालयाच्या प्रयत्नांनी तिचे बियाणे, म्हणजे स्पॉन, देशभर पोहोचले आहे. आमच्या भागात सोयाबीनचे कुटार गावोगाव उपलब्ध असते. जंगलातील धिंगरीसारखी दिसणारी छत्री उचलण्यापेक्षा घरच्या पोत्यातील खात्रीची धिंगरी शंभरपट बरी.

दुसरा प्रश्न झाडाचा, आणि मंदिर परिसराच्या दृष्टीने आम्हांस तो अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. जाम सावळीस पिंपळाखाली जाऊन आलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे की आपल्या श्रद्धास्थानांशी जुनी झाडे किती घट्ट जोडलेली आहेत. पारावर माणसे विसावतात, सभामंडपाचे पत्रे फांद्यांखाली येतात, मुले खेळतात. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात एका मंदिर परिसरातील कडुनिंबाचे जुने झाड पत्र्याच्या शेडवर कोसळले व आश्रयास थांबलेल्या ७ भाविकांचा मृत्यू झाला. ते झाड आतून कसे होते याविषयी आम्ही काही म्हणत नाही. वादळ निरोगी झाडही पाडू शकते. परंतु ज्या झाडांखाली आपण माणसे बसवितो त्यांच्यावर काय उगवले आहे हे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणे त्या घटनेनंतर टाळता येणार नाही.

लाकूड कुजण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात बुरशी लिग्निनसह सर्व पचविते व लाकूड पांढरट, तंतुमय, ओल्या कापसासारखे उरते. दुसऱ्यात ती सेल्युलोज तेवढे खाते व लाकूड तपकिरी, चौकोनी तुकड्यांत भंगणारे होते. दुसरा प्रकार अधिक फसवा असतो, कारण वजन फारसे घटण्याआधीच बळ गेलेले असते आणि फांदी पूर्वसूचनेविना मोडते. वाळक्या डहाळीवर पांढरे पंखे दिसले तर काळजी नको, ती डहाळी काढली की झाले. पण जिवंत, हिरव्या पानांच्या जाड फांदीवर किंवा बुंध्याच्या तळाशी टणक फळ्या दिसल्या, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, किंवा फांदी जेथे फुटते तेथे भेग पडली असेल, तर त्या फांदीखालील बैठक त्याच दिवशी हलवावी. झाड तोडण्याची घाई मात्र करू नये. पोकळ वड व पिंपळ शतकभर उभे राहिलेले आपण पाहतो. धोका कोणत्या फांदीचा आहे, हे जाणकाराकडून ठरवून घ्यावे व स्थानिक संस्थेची रीतसर परवानगी घेऊन तेवढीच फांदी उतरवावी.

बुरशी झाडात शिरते ती जखमेतून, आणि मंदिरातील झाडाला जखमा बहुधा आपणच करतो. बुंध्याला टेकवून लावलेले दिवे साल भाजतात. फलक व घंटा यांसाठी खिळे ठोकले जातात. तारेने बांधलेली रोषणाई दोन वर्षांत सालीत रुतते. पाराचे सिमेंट बुंध्यापर्यंत भिडविले की मुळांस हवा व पाणी मिळत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी हजारो ओंडके उभे चिरून दाखवून दिले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून त्याला आतल्या आत कोंडते व वरून नवे लाकूड चढविते. म्हणून मोठी फांदी बुंध्यालगत सपाट कापू नये. फांदीच्या मुळाशी जी सुजेसारखी गोलाई असते ती राखून तिच्या बाहेर कापावे. आधी खालून थोडे, मग वरून, म्हणजे साल फाटत नाही. पोकळीत सिमेंट वा विटा भरणे हा जुना उपाय आता कोणी सुचवीत नाही. भरावामुळे ओल आत कोंडते आणि कुजणे वाढते. दिव्यांसाठी पारापासून दूर स्वतंत्र दीपस्थान केल्यास भक्ती कमी होत नाही, असे आम्हांस वाटते.

ज्यांना या विषयात पुढे जावयाचे आहे त्यांच्यासाठी मार्ग मोकळा आहे. कलकत्त्याचे सहायराम बोस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमधील फळीसारख्या बुरशींचा कसून अभ्यास केला. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांचा भारतातील पॉलिपोरेसी गटावरील ग्रंथ १९७१ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी प्रा. मा. ना. कामत व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील बुरशींची सूची प्रसिद्ध केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींच्या वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रह असून त्याला अजरेकरांचे नाव दिलेले आहे. जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आपल्या राज्यातच आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, परंतु या नव्या जिल्ह्यातील बुरशींकडे पाहणारे डोळे अद्याप थोडेच आहेत. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आपल्या गावची नोंदवही सुरू केल्यास ते काम वाया जाणार नाही.

नमुना ठेवावयाचा असल्यास सावलीत वाऱ्यावर दोन दिवस वाळवून कागदी पाकिटात ठेवावा. पाकिटावर झाडाचे नाव, गाव, तारीख, फांदी जिवंत की मृत, बीजाणूंच्या ठशाचा रंग आणि ताजेपणीचा रंग व वास लिहावा, कारण या शेवटच्या दोन गोष्टी वाळल्यावर राहत नाहीत. पाकिटात कडुनिंबाचा वाळका पाला टाकल्यास किडे दूर राहण्यास मदत होते. पहिला नमुना संत्र्याच्या सलीवरच्या शायझोफायलमचा घ्यावा. पुढल्या वैशाखात, जेव्हा बाहेर एकही छत्री दिसत नसेल, तेव्हा तो पंखा ओल्या फडक्यावर ठेवून वर वाटी झाकावी व दोन-तीन तासांनी भिंगातून पाहावे. मिटलेल्या पाती उघडू लागलेल्या दिसतील.